कूलर बंद करून

दुपारी तीनला कूलर बंद केला.
मे महिना, मानेवाडा, पत्र्यावरून कावळाही उठून गेलेला.
वनमाला म्हणाली, "जीव देता का जी?"
म्हटलं, दहा मिनिटं.
मला ऐकायचं आहे
मला काही ऐकू येतं का ते.

टेबलावर लॅपटॉप, त्याला काडेपेटीएवढा डॅक,
पुढे भाच्याने पाठवलेला जड हेडफोन.
दोन कंपन्या, दोघींचा पहिला महिना फुकट.
दोघी म्हणतात, एक कणही गळणार नाही,
स्टुडिओत होतं ते जसंच्या तसं तुमच्या घरी.
असं तर आमचा दूधवालाही म्हणतो.

पंधरा दिवस मी सेटिंगातच होतो.
विंडोजचा मिक्सर मध्ये बोटं घालतो
म्हणून त्याला वळसा घालणारा प्लेअर;
चव्वेचाळीसचं अठ्ठेचाळीस होऊ नये
म्हणून एक्सक्लुझिव्ह मोड,
म्हणजे गाणं चालू असताना
व्हॉट्सअ‍ॅपलाही टिंग करायची मुभा नाही.
डॅकचा हिरवा दिवा निळा झाला त्या रात्री
मी वनमालाला उठवून दाखवला.
ती म्हणाली, निळा आहे.
आणि झोपली.

आज गार्गीला बसवलं बटणापाशी.
तिने कागदावर टिपायचं, मी पाठ फिरवून बसायचं.
अ की ब?
ब.
अ की ब?
अ... थांब, ब.
हेडफोनच्या गादीत घाम साचत होता.
वीसपैकी अकरा.
"बाबा, नाणं उडवलं असतं तरी भागलं असतं."

खरं तर मला माहीत होतं.
निवृत्तीच्या तपासणीत डॉक्टरने आलेख दाखवला होता:
रेघ सरळ, सरळ, सरळ,
आणि चार हजारांपाशी
पिंजरा खाणीत उतरावा तशी खाली.
कोराडीच्या टर्बाइन हॉलमध्ये अडतीस वर्षं,
कानात कापूस घालून, बहुतेकदा न घालता.
चिमण्या, नातीचं पैंजण,
बोलण्यातला प्रत्येक स आणि श,
हे सगळं माझ्याकडून कधीच गळून गेलंय
आणि मी इथे कंपन्यांची गळती मोजतोय.

शेवटी बिहाग लाव म्हटलं.
धंतोलीतल्या मंडपातली मैफल, शहाऐंशीचा डिसेंबर,
दोन्हीकडे आहे. गाणारी बाई आता नाही.

ब वर ती स्वच्छ आहे.
इतकी स्वच्छ, की हवाबंद बरणीत गातेय.

अ वर ती आधी श्वास घेते.
मागे कुणीतरी खोकतं, खोकला दाबतं.
आणि तानपुऱ्याच्या खाली,
सगळ्यांच्या खाली,
एक घूं.

मी हात वर केला.

हा मला ठाऊक आहे.
पन्नास.
सेकंदाला पन्नास, ना एकोणपन्नास ना एक्कावन्न,
त्याचाच तर पगार होता मला.
मंडपात कुठे अर्थिंग ढिलं असेल,
माइकच्या वायरीत वीज शिरली असेल.
त्या डिसेंबरात मी अप्रेंटिस होतो, रात्रपाळीला,
फ्रिक्वेन्सीच्या काट्यासमोर पेंगत.
बाई वर गात होती
आणि तिच्या पायाखाली
आम्ही सतरंजीसारखे पसरलो होतो.

गार्गी, पुन्हा लाव.
अ.
पुन्हा.
ब. अ. अ. ब.
आठाच्या पुढे तिने टिपणं सोडून दिलं
आणि माझ्याकडे पाहू लागली.

ब वाल्यांनी तो पुसला.
कुणी पोरगा बसला असेल फिल्टर लावून,
दोष म्हणून काढला असेल, मेहनतीने.
त्याच्या जागी मीही काढला असता.
ब रद्द केलं. कारण विचारलं त्यांनी:
महाग आहे, वापर नाही, गाणी कमी, इतर.
इतर.

वनमाला ओला टॉवेल घेऊन आली,
माझ्या डोक्यावर टाकला,
हेडफोनचा एक कान ओढून आपल्याला लावला.
थोडा वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
"घूं घूं काहून येते जी यात?
कूलर बंद केला ना तुम्ही?"
आणि उठून बघायला गेली.